भिंतीवर टांगायची सायकल

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. किनाऱ्याकडे नवे रेस्टॉरंट काढणारे एक गृहस्थ आमच्या घरी आले. आमच्या पडवीत बाबांची जुनी काळी सायकल उभी आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. त्यांनी ती न्याहाळली, घंटी वाजवून पाहिली आणि सरळ चार हजार रुपये देऊ केले.

"हिचं करणार काय तुम्ही?" मी विचारले.

"दाराशेजारच्या भिंतीवर टांगणार. वरून बोगनवेल सोडणार. टुरिस्टांना जुना गोवा आवडतो हो!"

खरे सांगतो, मी डळमळलो. भंगारवाल्याने लोखंडाच्या भावाने कितीसे दिले असते? शिवाय त्या सायकलीवर माझे काही फार प्रेम होते असेही नाही. उलट शाळेत असताना तिची लाजच वाटायची. नव्वदचे दशक ते. वर्गातल्या दोघा-तिघांकडे रेंजर आली होती. जाड टायर, सरळ हँडल, रंगीत फ्रेम. आणि मी मात्र बाबांच्या बावीस इंची धुडावर, दांडीखालून पाय घालून, वाकडातिकडा! 'पोस्टमन' म्हणून चिडवायचे मला.

विचार करायला मी दोन दिवस मागून घेतले. जुन्या सायकलींचे लोक जगात करतात तरी काय, म्हणून वाचत बसलो आणि वाचता वाचता थेट अमेरिकेत जाऊन पोचलो. तिथे जे सापडले त्याने माझे शाळेतले दुःख तर हलके झालेच, पण आपल्याविषयी एक प्रश्नही पडला. तो प्रश्न मांडण्यासाठीच आजचा हा लेख.

तिकडे एक सायकल असते, तिला 'क्रूझर' म्हणतात. जाडजूड टायर, रुंद मागे वळलेले हँडल, ऐसपैस सीट, गिअर नाही. ब्रेकची दांडीसुद्धा नाही. पेडल उलटे दाबले की मागच्या हबमधला ब्रेक लागतो. ही जन्मली महामंदीच्या काळात. मोटारी आल्यावर अमेरिकेत मोठ्या माणसांनी सायकल सोडली होती, त्यात मंदी आली आणि धंदा बसला. जर्मनीहून शिकागोला आलेल्या इग्नाझ श्विनने १८९५ साली भागीदारीत काढलेला कारखाना तेव्हा त्याचा मुलगा फ्रँक पाहत होता. त्याने १९३३ साली सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे 'बलून' टायर लावलेली सायकल बाजारात आणली. पुढच्याच वर्षी 'एरोसायकल' आली. तिला मोटारसायकलसारखी खोटी पेट्रोलची टाकी, पुढे दिवा आणि बटण दाबून वाजणारी घंटी! टाकीत पेट्रोल नाही हे पोरांना ठाऊक होते, पण खिशात पैसे नसलेल्या काळात स्वप्न तरी दिसत होते.

त्या सायकली होत्या जड, वीस किलोच्या वर. पण मजबूत इतक्या की घरोघरी वर्तमानपत्र टाकणारी पोरे त्याच वापरत. पुढे इंग्लंडच्या हलक्या, तीन गिअरच्या सायकली आल्या आणि क्रूझर जुनाट ठरल्या. गॅरेजच्या कोपऱ्यात गेल्या, भंगारात गेल्या. म्हणजे आमच्या पडवीतली कथाच की ही!

पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. ही भंगारातली सायकल ज्यांनी उचलली ते कारखानदार नव्हते. ते होते हात चालणारे, खिसा रिकामा असलेले लोक.

कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात डोंगरउतारावरून सायकल हाणायचा नाद लागलेली काही तरुण मंडळी होती. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली काही नावे. डोंगरावर आपटून टिकेल अशी सायकल दुकानात मिळत नव्हती, म्हणून त्यांनी तीसच्या-चाळीसच्या दशकांतल्या श्विन मातीमोलाने विकत घेतल्या. मडगार्ड काढले, खोटी टाकी काढली, मोटारसायकलचे ब्रेकलिव्हर चढवले. १९७६ साली त्यांनी अशा सायकलींची एक शर्यत सुरू केली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! खाली पोचेपर्यंत उलट्या पेडलचा ब्रेक इतका तापायचा की हबमधले ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा. मग हब उघडायचा, पुसायचा, नवे ग्रीस भरायचे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात, आणि शर्यतीचे नाव तेच पडले.

हे वाचून मला हसूच आले. आपल्या सायकलवाल्याच्या पाटीवर जे 'ओव्हरऑइलिंग' लिहिलेले असते, त्यातलेच एक काम हे. तिकडे त्याच कामावरून शर्यतीला नाव मिळाले आणि ते इतिहासात गेले.

कारण पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जो ब्रीझने या डोंगरासाठी म्हणून मुद्दाम नवी फ्रेम घडवली. ती सायकल आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. याच धडपडीतून 'माउंटन बाइक' जगभर गेली. आणि तिचे एक लांबचे पिल्लू रेंजर नावाने माझ्या वर्गमित्राकडे आले! ज्या रेंजरपुढे मी मान खाली घालून उभा राहायचो, तिचे खापरपणजोबा भंगारातली जुनी, जड, काळवंडलेली सायकल होते. हे मला तेव्हा कुणी सांगितले असते तर!

त्याच कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसमध्ये, मेक्सिकन वंशाच्या वस्तीत वेगळेच काही चालले होते. तिथले तरुण जुन्या मोटारी जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवून, झळझळीत रंगवून संथपणे फिरवत. त्यांना म्हणत 'लोरायडर'. मोटार चालवायचे वय नसलेल्या पोरांनी तीच हौस सायकलवर भागवली. पीळ दिलेल्या क्रोमच्या सळ्या, मखमली सीट, आणि एकेका चाकाला १४४ स्पोक! आपल्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ असतात आणि मागच्याला ४०. वेगाला या १४४ चा काडीचा उपयोग नाही. पण ज्यांना शहराने 'मागच्या दाराने या' म्हटले, त्यांना भर रस्त्यातून हळूहळू, सगळ्यांनी बघावे असे जायचे होते. उपयोग तो होता.

आणि कारखानदार? ते पोरांकडूनच शिकले. कॅलिफोर्नियातली मुले छोट्या सायकलींना उंच हँडल आणि केळ्यासारखी लांब सीट लावतात हे श्विनच्या अल फ्रिट्झने हेरले आणि १९६३ साली 'स्टिंग-रे' काढली. ती तुफान खपली. पण १९९२ साली त्याच श्विन कंपनीचे दिवाळे वाजले. आज ते नाव दुसऱ्यांच्या मालकीचे आहे. घरच्या गॅरेजात जुन्या श्विन जोडणारे लोक मात्र अजून आहेत.

या लोकांत एक कायमचा वाद चालतो. एक पक्ष म्हणतो, जुन्या सायकलीचा गंजसुद्धा पुसू नका, मूळ रंग एकदाच असतो. दुसरा म्हणतो, कापा, जोडा, नवा चिमटा बसवा, आपल्या मनासारखी करा. मी दोघांचे ऐकले आणि मला वाटते की वाद वरवरचा आहे. दोघेही हब उघडतात, दोघेही छर्रे मोजतात, दोघांचेही हात काळे होतात. वस्तूचा मान ठेवणे म्हणजे तिच्यावर हात चालवणे, एवढे दोघांनाही मान्य आहे. भिंतीवर टांगणारा हा तिसराच. त्याला सायकल नको असते, तिची सावली हवी असते.

आता आपल्याकडे या. कुणी म्हणेल, ही भरल्या पोटाची हौस, आपल्या गोव्यात कुठली 'कस्टम' सायकल? मी म्हणतो, पहाटे पों-पों करत येणाऱ्या पोदेराची सायकल नीट बघितली आहे कधी? मागे भक्कम कॅरिअर, त्यावर पावांची भली मोठी टोपली, वर पावसासाठी प्लास्टिक, हँडलला रबरी फुग्याचा हॉर्न. अशी सायकल कुठला कारखाना देतो? तिकडे पोरे पेपर टाकायची, इकडे पोदेर पाव टाकतो. कामासाठी मनाजोगती घडवलेली सायकल ती हीच. फरक एवढाच की तिकडे घडवणाऱ्याचे नाव झाले, आणि आपण घडवणाऱ्याला 'पंक्चरवाला' म्हणून मोकळे झालो.

आपण संस्कृती म्हटले की नाटक, भजन, मंदिर, साहित्य संमेलन मोजतो. मोजायलाच हवे. पण नुसत्या बोटाच्या स्पर्शाने चाकाचा आउट ओळखणारा माणूस आपल्या कुठल्याच यादीत नाही. आमच्या ऑफिसात कलाकारांचे अर्ज येतात, त्यात सायकलवाल्यासाठी रकानाच नसतो. आणि जुन्या गोव्याचे प्रेम म्हणावे तर ते बोगनवेलीखाली टांगलेले!

अडचणी मलाही दिसतात. आपले रस्ते अरुंद, त्यावर भाड्याच्या गाड्यांची झुंबड. पोदेरसुद्धा आता स्कूटरवर येऊ लागलेत. सगळ्यांनी उद्यापासून सायकलने कामाला जावे असले मी सांगत नाही. मीही जात नाही.

तर, त्या गृहस्थांना मी नाही म्हटले आणि सायकल ढकलत बाजारातल्या म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेली. चार हजारांची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "सायकल चलोवपाक आसता, उमकळावपाक न्हय!" चार दिवस लागले. हबमध्ये जुने ग्रीस डांबरासारखे झाले होते. सळीच्या ब्रेकचे दोन तुकडे मिळेनात, ते त्यांनी दुसऱ्या एका मेलेल्या सायकलीतून काढून घासून बसवले. रंगाला हात लावू दिला नाही. मी शिकायला कुणी येते का विचारले. "नातू दुबईक आसा," म्हणाले आणि पान्याकडे वळले.

रविवारी सकाळी मी आता ती चालवतो. चढावर उतरून ढकलावी लागते. लेक हसते.

तुमच्याही पडवीत, माळ्यावर, गोठ्यात अशी एखादी असेल. विका हवी तर, तुमची सायकल आहे. पण विकण्याआधी एकदा गावातल्या सायकलवाल्याकडे न्या, आणि घरातल्या पोराला बरोबर घेऊन जा. हब उघडतो तेव्हा आत काय असते ते त्याला बघू द्या. मेस्त्री आहेत तोवरच हे दाखवता येईल.