जुना पीसी भंगारात गेला, पण त्याचा बॅकअप?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ऑफिसाऑफिसांतून जुने पीसी बाहेर पडायला लागले. बातम्या आल्या त्या नव्या मशिनच्या आणि ई-कचऱ्याच्या. पण मशिन गेलं तरी त्याचा बॅकअप सर्व्हरवर तसाच पडून असतो, त्याचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही.

माझा मामा करसल्लागार आहे. त्याच्या ऑफिसातल्या नऊ पीसींपैकी पाच बदलले. कोपऱ्यात एक लिनक्स मशिन आहे, त्यावर बॅकअपपीसी नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालतं. ते नेटवर्कवरून एकेका पीसीकडे जाऊन फाइली उचलून आणतं. पाच पीसी गेल्यावर ते रोज तक्रार करायला लागलं की ही मशिनं सापडत नाहीत. त्यात डिस्क ९१ टक्के भरलेली. मामा म्हणाला, "अरे, उडव ना ती पाच नावं!"

उडवणारच होतो. मग लक्षात आलं की पीसी चालू असतो तेव्हा बॅकअप ही दुसरी प्रत असते. पीसीची डिस्क पुसून तो भंगारात दिला, की तीच एकमेव प्रत उरते! आणि हिशेबाच्या फाइली म्हणजे गंमत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे कंपन्यांना ८ आर्थिक वर्षांचे हिशेब जपावे लागतात. जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने.

म्हणून आधी फक्त थांबवायचं, पुसायचं नाही. बॅकअपपीसीमध्ये त्या मशिनच्या सेटिंगमध्ये 'बॅकअप्स डिसेबल' २ केलं की नवीन बॅकअप होत नाही, जुने मात्र उघडून बघता येतात. मग त्यातल्या दोन-चार फाइली खरंच परत काढून उघडून बघायच्या. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण न उघडणारा बॅकअप जपून उपयोग काय?

खरा घोळ नावाचा निघाला. नव्या पीसींपैकी एकाला जुन्याचंच नाव दिलं होतं, 'अकाउंट-२'. सॉफ्टवेअरला वाटलं मशिन तेच आहे. नवे पूर्ण बॅकअप आले तसे ठरलेल्या संख्येपलीकडचे जुने आपोआप गळत गेले. मी बघितलं तेव्हा जुन्या पीसीचा एकच पूर्ण बॅकअप शिल्लक होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर तोही गेला असता, कुठलाही एरर न दाखवता. त्याच रात्री सगळं वेगळ्या डिस्कवर काढून घेतलं. तेव्हा नव्या मशिनला नवीन नाव द्या, प्लीज.

मग सगळं कायमचं ठेवायचं का? तेही नको. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की काम संपलं की डेटा पुसा, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितला नसेल तर. आणि पुसायचं काम कोणालाही देऊन चालत नाही. अमेरिकेत मॉर्गन स्टॅन्लेने डेटा पुसण्याचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला जुन्या डिस्क आणि सर्व्हर दिले. त्यातले काही ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात पोचले. २०२२ मध्ये दंड झाला ३.५ कोटी डॉलर.

तुमच्या फोनचंही असंच आहे, फक्त तिथे घड्याळ दुसऱ्याचं असतं. अँड्रॉइड फोन ५७ दिवस वापरला नाही तर गूगल त्याचा बॅकअप पुसू शकतं. आयक्लाउड बॅकअप बंद केल्यावर तो १८० दिवस राहतो. फोन विकलात तर त्याआधी हवं ते काढून घ्या.

मामाकडे शेवटी चार मशिनं थांबवून ठेवली, प्रत्येकावर 'अमुक तारखेनंतर पुसणे' असं लिहून. पाचवं रिसेप्शनचं होतं, त्यात जपण्यासारखं काही नव्हतं. ते यादीतून काढलं आणि त्याचं फोल्डर पुसलं. सामाईक साठ्याला, म्हणजे 'पूल'ला, हात लावला नाही. सारखी फाइल दहा मशिनवर असली तरी तिथे एकदाच ठेवलेली असते, हाताने उडवली तर बाकीच्यांचे बॅकअप फुटतात. नको असलेल्या फाइली सॉफ्टवेअर रात्रीच्या सफाईत स्वतःच काढतं.

सकाळी डिस्क ९१ वरून ८९ वर. मामा म्हणाला, "एवढंच?"

एवढंच. बाकीच्या फाइली इतर मशिनच्याही होत्या. मामाने नवीन डिस्क मागवली.