आधी निदान, मग खोलणे

कशेडी, वरंध आणि आंबेनळी या तीन घाटांच्या पायथ्याशी असलेल्या महाड-पोलादपूर परिसरात मे महिन्याच्या वा ऑक्टोबरच्या उन्हात बॉनेट उघडून उभी असलेली जुनी मोटार हे नित्याचे दृश्य आहे. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या वाटेला लागलेली गाडी सावित्रीच्या खोऱ्यातून सुमारे चाळीस किलोमीटरांत साडेतेराशे मीटरांच्या आसपास उंची गाठते. गियर खालचा, वेग कमी, म्हणून रेडिएटरला समोरून मिळणारा वारा थोडा. इंजिनावर भार मात्र पुरा. पंख्यातील वा थर्मोस्टॅटमधील जो बारीक दोष सपाटीवर लपून राहतो, तो येथे उघडा पडतो. वाफ निघते, गाडी टोचन करून खाली आणली जाते आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात मालकास एकच प्रश्न विचारला जातो : ‘‘सर, हेड खोलू का?’’

या प्रश्नाला होकार देण्याची आपण जी घाई करतो, तिच्याविषयी मला लिहावयाचे आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने इंजिनात लक्ष घालावे याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 साली माहितीच्या विषमतेवरील आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला, तो जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन. 2001 साली अन्य दोघांसमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विषयावरील कामगिरीबद्दल. विकणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास ठाऊक नसते, हा त्याचा गाभा. दुरुस्तीच्या व्यवहारात ही विषमता अधिकच गडद होते. दोष शोधणारा आणि दोष काढून पैसे मिळविणारा एकच असतो. शिवाय गाडी पुन्हा चालू लागली, तरी बदललेला भाग खरोखरच बदलण्याजोगा होता काय, हे मालकास कधीच कळत नाही.

माझी स्वतःची मोटार तीन सिलिंडरची, वीस वर्षांहून जुनी. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आंबेनळी चढताना तिचा खालचा होज फुटला. तपमानाचा काटा लाल रेषेला टेकला आणि पुढच्या वळणावर आपोआप खाली आला, तेव्हा मला हायसे वाटले. ते हायसे वाटणेच महागात पडले. पाणी निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगू लागतो, हे मला मागाहून कळले. थांबलो तेव्हा एका सद्गृहस्थांनी गार पाण्याची बादली आणली. ती मी ओतू दिली नाही, एवढेच काय ते माझे शहाणपण. तापलेल्या धातूवर गार पाणी पडले की हेडला तडा जाण्याची भीती असते.

पहिल्या गॅरेजात तेलाच्या झाकणाखालची दुधट साय मला दाखविण्यात आली आणि ‘‘पाणी तेलात गेलं, पूर्ण इंजिन करावं लागेल’’ असा निकाल मिळाला. सांगितलेला खर्च गाडीच्या बाजारभावाहून अधिक होता. वास्तविक ही साय पुष्कळदा निव्वळ दमट हवेची असते. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली कोकणच्या पावसाळ्यात ती धरतेच. तेल मोजण्याच्या दांडीवरही तेल दुधाळ दिसले, तर गोष्ट निराळी. ती दांडी कोणी ओढून पाहिली नव्हती.

दुसरे मिस्त्री वयाने मोठे होते. त्यांनी काही न खोलता प्रथम इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते फिरले, म्हणजे पिस्टन जाम नव्हते. दांडीवरचे तेल स्वच्छ निघाले. मग प्लग काढून त्यांनी एकेका सिलिंडरचा दाब मोजला. पहिल्या दोहोंत तो बराच कमी, तिसऱ्यात ठीक. त्या दोहोंत चमचाभर तेल सोडून त्यांनी पुन्हा मोजले. रिंगा गेल्या असत्या, तर तेलाने फट बुजून दाब वाढला असता. तो वाढला नाही. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत सारखीच घट, आणि तेलाने फरक नाही, तेव्हा गळती वरच्या अंगाला, बहुधा दोहोंमधल्या गॅस्केटात. पाऊण तासात आणि काही शे रुपयांत ‘पूर्ण इंजिन’ या शब्दांचा अर्थ ‘हेड’ एवढाच उरला.

त्यानंतर हेड खोलले गेले, ते कारण हाती घेऊन. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून बिडाच्या ब्लॉकवर आवळून बसविलेले ॲल्युमिनियमचे हेड अति तापले की वाकते. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हा बाक मोजतात. लहान इंजिनांत तो सर्वसाधारणपणे 0.05 मिलिमीटरपर्यंतच चालतो. माझ्या हेडचा त्याहून अधिक भरला, ते फेसिंगला गेले, नवे गॅस्केट बसले. बेअरिंगांबाबत मात्र या साऱ्या चाचण्या मुक्या असतात. पातळ झालेल्या तेलावर ती कितपत झिजली, हे पुढे खालून ठोके येतात की नाही यावरूनच कळावयाचे.

येथे कारागिरांना लबाड ठरविण्याचा माझा हेतू नाही. निदानाचे पैसे कोणी देत नाही, म्हणून निदान होत नाही. ‘नुसते बघायला कसले पैसे?’ असे आपणच विचारतो. मग तो खर्च दुरुस्तीच्या बिलात शिरून कितीतरी पटींनी वसूल होतो. एकदा का हेड निघून बाकावर पडले, की गाडी हलत नाही आणि मालकाला घासाघीस करण्यास जागा उरत नाही. आधी झालेला खर्च बुडीत समजावा, असे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. गॅरेजात मात्र ‘एवढे घातले, आणखी थोडे’ हेच तर्कशास्त्र चालते. आणि बाजारभावाहून खर्च अधिक म्हणून गाडी भंगारात काढावी, हाही हिशेब अपुरा आहे. ज्या शिक्षकाला वा कारकुनाला नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत, त्याने जुन्या गाडीच्या दुरुस्तीची तुलना तिच्या विक्रीच्या किमतीशी न करता दुसरी गाडी मिळविण्याच्या खर्चाशी करावयास हवी.

रक्त तपासणारी प्रयोगशाळा शस्त्रक्रियेचे बिल लावीत नाही. मोटारींबाबत अशी फारकत अशक्य नाही. ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो, त्यांनी आठवड्यातून एक दिवस माफक शुल्क घेऊन दाबाच्या चाचण्या कराव्यात आणि आकडे सहीनिशी कागदावर द्यावेत. साधने महाग नाहीत आणि प्रशिक्षणार्थ्यांचा हातही बसेल. खासगी गॅरेजांचा धंदा बुडेल अशी हरकत निघेल. ती मला पटत नाही. हेडचे काम शेवटी त्यांच्याकडेच जाणार. फरक इतकाच, की मालक तो कागद खिशात घेऊन तेथे जाईल.