हॉटेलाची जागा

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या वडील बंधूंसह घरीं आला. लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या पुणें-मुंबई रस्त्यालगत त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे. तेथें एकत्र कुटुंबाची सारी शिल्लक घालून हॉटेल बांधावें, असा धाकट्याचा बेत. "मास्तर, एवढा हमरस्ता; गिऱ्हाइकांना काय तोटा?" असें तो म्हणाला. वडील बंधूंचें मन मात्र धजत नव्हतें.

आम्ही कांहीं धंद्यांतले जाणते नव्हों. पण भूगोल पुष्कळ वर्षें शिकविला आहे. म्हणून त्यांस प्रथम मुंबईकडे पाहावयास सांगितलें. ताजमहाल हॉटेल 1903 सालीं अपोलो बंदरावर उघडलें, तें कां? परदेशचा उतारू तेव्हां आगबोटीनें येई. गेट वे ऑफ इंडियाची कमान तेथें मागाहून, 1924 सालीं पुरी झाली. बोरीबंदराच्या आसपास निवासगृहें झालीं तीं आगगाडीमुळें. पुढें विमानें आलीं, तेव्हां अंधेरी-सहारकडे मोठमोठीं हॉटेलें उभीं राहिलीं. प्रवासी जेथें वाहन सोडतो, तेथें त्यास पाठ टेकावयास जागा लागते.

परंतु वाट बदलते, इमारत हलत नाहीं. 2002 सालीं सुमारें 95 किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि जुन्या रस्त्याचा बराच उतारू तिकडे वळला. त्या मार्गावर वाटेल तेथें गाडी थांबवितां येत नाहीं. खाण्यापिण्याच्या जागा ठरलेल्या. मग लोणावळ्याचीं हॉटेलें कशीं चाललीं? तेथें लोक पावसासाठीं व थंड हवेसाठीं मुद्दाम येतात. वाटसरूवर जगणारें हॉटेल निराळें आणि गांवासाठीं येणाऱ्या पाहुण्यावर जगणारें निराळें. आपलें कोणतें, हें आधीं ठरवावें.

आम्हीं त्यांस एकच अभ्यास दिला: आडवारीं एक दिवस व रविवारीं एक दिवस जमिनीवर बसून गाड्या मोजा, जाणाऱ्या नव्हे, आसपास थांबणाऱ्या.

पंधरवड्यानें दोघे परत आले. जाणाऱ्या शेंकडों, थांबणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या! शिल्लक बँकेंतच राहिली. तूर्त तेथें लहानशी खाणावळ काढून पाहावयाचें ठरलें आहे. धाकटा किंचित् हिरमुसला होता. पण घरांतील सर्वांच्या ताटांतला घास पणास लावण्यापूर्वी दोन दिवस उन्हांत बसणें कांहीं महाग नाहीं, असें आम्हांस वाटतें.