खोक्यात नसलेलं विमान

पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीची पट्टी सरळ मापाची नसते. बिडाचं ओतकाम थंड होताना शंभरात साधारण एक भाग आकसतं, म्हणून त्याच्या पट्टीवरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा एक सूत मोठा आखलेला असतो. किर्लोस्करवाडीच्या पंपांमागे ही पट्टी आहे. सागवानात कोरलेला पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. पॅटर्न स्वतः कधी पाणी उपसत नाही, पण त्यात एका सुताचा घोळ झाला तर पंपही उपसत नाही.

माझ्या टेबलावर दुसऱ्या जातीची पट्टी आहे. तिच्यावर सहा फूट म्हणजे एक इंच. एकास बहात्तर. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत चाळीस फूट होतं. या पट्टीवर ते सतरा सेंटिमीटरला जरा कमी भरतं, म्हणजे ताटाच्या एका बाजूला भाकरी ठेवली तर दुसऱ्या बाजूला मावेल एवढं. पलूससारख्या गावात, छाटणीच्या नाहीतर द्राक्षाच्या दिवसांत, कुणी पन्नाशीचा माणूस चिमट्यात एवढंसं चाक धरून बसला की येणारा जाणारा विचारतो, "नातवाचं का?" पूर्वी मी "हो" म्हणून सुटका करून घ्यायचो. आता घेत नाही.

हे माप पोरखेळातून आलं खरं, पण पोरखेळात राहिलं नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये लाकडी विमानांचे संच याच प्रमाणात विकले जात. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने देशभरातल्या शाळांकडे पाच लाख लाकडी विमानं मागितली, तीही एकास बहात्तर याच मापाची, काळ्या रंगात. पस्तीस फुटांवर टांगलेलं असं विमान तोफेच्या नेम धरण्याच्या कड्यातून पाहिलं की अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. आपलं कुठलं, शत्रूचं कुठलं, हे तोफचीला क्षणात ओळखता यावं म्हणून शाळकरी मुलं पॉलिश पेपर घासत होती. युद्ध संपल्यावर प्लॅस्टिक आलं. एअरफिक्स या इंग्लिश कंपनीने १९५३ मध्ये छोटं स्पिटफायर विमान काढलं आणि ते वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळू लागलं. जपानमधलं शिझुओका हे तर मूळचं लाकूडकामाचं गाव. तिथली तामिया कंपनी १९४६ साली लाकूड कापण्याच्या गिरणीपासून सुरू झाली आणि पुढे प्लॅस्टिककडे वळली. आपल्याकडच्या सुताराचा हात याहून उणा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनच्या शेजारी कारखाना टाकला तेव्हापासून इथला सुतार दशांशाच्या हिशेबाने लाकूड तासतो आहे. पण तो हात नांगराकडे आणि पंपाकडे गेला. पाण्याची ओढ असलेल्या मुलखात तो खेळण्याकडे जाईल कसा! त्याची खंत मला नाही.

खंत वेगळी आहे. संचाचं खोकं कुणाचंही असो, त्यात आठवण दुसऱ्याची असते. हरिकेनचं जे खोकं सहज हाती येतं त्यावर १९४० चं इंग्लंडचं आकाश रंगवलेलं असतं आणि आत चिकटवायला तिथल्याच तुकड्यांची अक्षरं, तिथलीच वर्तुळं. भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. महायुद्धात त्याच्या एकामागून एक तुकड्या हरिकेनवर आल्या, ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढल्या. अर्जन सिंग यांच्या हाताखालची पहिली तुकडी १९४४ मध्ये इंफाळला वेढ्यात होती, याच विमानांसह. बहुतेक खोक्यांना त्याचा पत्ता नसतो. मग ते विमान हवं असेल तर करवत घ्यावी लागते.

इंग्लंडवरच्या लढाईतलं हरिकेन पहिल्या नमुन्याचं. ब्रह्मदेशातलं दुसऱ्या नमुन्याचं. नव्या इंजिनासाठी वैमानिकाच्या पुढचा भाग साडेचार इंचांनी वाढवला होता. आमच्या पट्टीवर हा फरक दीड मिलिमीटरच्या जरा वर. करू नये, कुणाला कळणार, असं वाटतं खरं. पण एकदा कळलं की न करणं जमत नाही. धड बरोबर सांध्यावर कापायचं, मध्ये प्लॅस्टिकची चकती बसवायची, पुट्टी भरायची, सुकली की घासायची, बोट फिरवायचं, पुन्हा भरायची. डोळा फसतो, बोट फसत नाही. नाकाखाली धुळीची गाळणी हवी, कारण पूर्वेकडच्या कच्च्या धावपट्ट्यांवरची माती इंजिनात जायची. ती पुट्टीचा गोळा कोरून करावी लागते. पंखांतल्या आठ मशीनगनांची भोकं बुजवायची आणि त्यांच्या जागी चार तोफांच्या नळ्या बसवायच्या. मी त्या इंजेक्शनच्या सुयांच्या करतो. धडाची मागची बाजू मात्र हात न लावता ठेवायची. खऱ्या विमानात तिथे पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेलं कापड होतं, आणि त्या पट्ट्यांच्या धडाच्या लांबीने जाणाऱ्या रेघा प्लॅस्टिकवर उमटवलेल्या असतात. पॉलिश पेपरचा एक फटका जादा बसला की रेघा गेल्या. माझ्या पहिल्या विमानाच्या गेल्या होत्या.

एक गोष्ट जाता जाता. या हरिकेनसमोर ठेवायला लोक हौसेने झीरो विमान आणतात. झीरो जपानी नौदलाचं होतं. इंफाळच्या आकाशात समोर यायचं ते जपानी लष्कराचं हायाबुसा. दुकानात झीरो जास्त मिळतं, म्हणून इतिहास बदलत नाही.

आता टेबलावरून मान वर करून खिडकीबाहेर पाहतो. इथून कुंडल हाकेच्या अंतरावर आहे. १९४३ साली त्या गावात काय चाललं होतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना कवायत करत होती. कुंडल औंध संस्थानात होतं, आणि औंधच्या राजांनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली होती. इंग्रज पोलिसाचा हात तिथे सहज पोचत नव्हता. ७ जून १९४३ रोजी कुंडल रोडवरून जाणाऱ्याच रेल्वेमार्गावर शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवून सरकारी रक्कम काढून घेण्यात आली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा, मार्च १९४४ मध्ये, इंफाळच्या वाटेवर सांगशाक इथे मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांची धाव रोखून धरत होती. सातारा जिल्हा, म्हणजे आजच्या सांगलीचा हा पट्टाही, पिढ्यान्‌पिढ्या पलटणीला माणसं देत आलेला. एकीकडे सरकार उलथायला निघालेली माणसं, दुसरीकडे त्याच सरकारच्या वर्दीत जीव द्यायला उभी राहिलेली. भाषा एक, आडनावंही बऱ्याचदा एक.

आपण या दोन गोष्टी दोन कपाटांत ठेवल्या. एकीचे पुतळे आणि हुतात्मा स्मारकं झाली, दुसरीच्या पेन्शनच्या फायली झाल्या. कुंडलबद्दल लिहिताना इंफाळ काढायचं नाही आणि इंफाळबद्दल बोलताना कुंडल टाळायचं, असा अलिखित शिरस्ता पडला. मला तो भित्रेपणा वाटतो. हरिकेनवर बसलेला भारतीय वैमानिक गुलाम नव्हता आणि त्याच्यामुळे शेणोलीची माणसं दरोडेखोर ठरत नाहीत. आझाद हिंद सेनाही त्याच इंफाळच्या दारात होती, समोरच्या बाजूला. हे सगळं एका फळीवर ठेवण्याएवढी जागा आपल्याकडे असायला हवी. कुंडलला येणाऱ्या शाळेच्या सहलीला प्रतिसरकारची गोष्ट सांगताना मुलांच्या हातात असं एक विमान दिलं, तर ती जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरं मास्तरांना अवघड जातील. जाऊ देत.

आठवणीच्या बाबतीत आपण तसे बेहिशेबीच. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, हे आपण छाती फुगवून सांगतो. २०१५ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा कुणी दाखवलेला नाही. उलट मुंबईचाच श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर खरोखर लढला आणि जून १९१८ मध्ये मेला. त्याची कबर आहे, नोंद आहे. त्या युद्धात लढाऊ वैमानिक झालेल्या चार भारतीयांपैकी तो एक. किती मराठी घरांत त्याचं नाव माहीत आहे? डॉल्फिन विमान दिसायला विचित्र. वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकवलेला आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर आलेलं. आकाश छान दिसायचं, पण उतरताना विमान उलटलं तर आधी जमिनीला लागायचं ते डोकंच. हे वाचून समजतं, पण टेबलावर वरचा पंख चिकटवताना, त्या चौकटीत तांदळाच्या दाण्याएवढं डोकं बसवताना, अंगावर येतं.

खोक्यातल्या विमानात केलेल्या फेरफाराला कमी लेखणाऱ्यांनी खऱ्या मापातला इतिहासही पाहावा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली. दोनच वर्षांत युद्धासाठी सरकारने ती ताब्यात घेतली. युद्ध संपल्यावर कानपूरला अमेरिकन लिबरेटर बाँबफेकी विमानांचा ढीग पडला होता. पुन्हा उडू नयेत म्हणून ती मुद्दाम मोडलेली, इंजिनांत वाळू ओतलेली. बंगळूरच्या माणसांनी १९४८ पासून त्या भंगारातून एकाचा पंख, दुसऱ्याचं चाक असं करत चाळीसच्या आसपास विमानं उडती केली आणि देशाला अवजड बाँबफेकी विमानांची तुकडी मिळाली. मी टेबलावर करतो तेच, बहात्तर पटींनी मोठं. पुढे नॅट आलं. १९६५ च्या युद्धात नाव कमावलेलं हे इवलंसं विमान आपण बंगळूरला बांधलं आणि नंतर पंखांतच इंधनाच्या टाक्या बसवून त्याचं अजीत केलं. नॅटचं जे खोकं वर्षानुवर्षं बाजारात होतं ते मात्र इंग्लंडच्या दोन आसनी शिकाऊ विमानाचं. आपलं एक आसनी. पंख दोन फुटांनी, म्हणजे आमच्या पट्टीवर आठ मिलिमीटरने छाटायचे, धड आखूड करायचं, मागची खुर्ची काढून टाकायची, शेपटीही लहान करायची. अलीकडे एका चेक कंपनीने एक आसनी नॅट काढलं आणि हा सगळा उद्योग वाचला. थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

सध्याचं हरिकेन रंगावर आलं आहे. खोक्यातली वर्तुळं इंग्लंडची, मधे लाल ठिपका असलेली. पूर्वेकडे तो लाल चालत नव्हता. जपानी विमानांवरही लाल गोळाच असल्यामुळे आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडतील या भीतीने तिथे तो लाल काढून टाकला, उरल्या निळ्याच्या दोन छटा. तशी वर्तुळं वेगळी मिळाली नाहीत, म्हणून खोक्यातलीच लावून लाल ठिपक्यावर शून्य नंबरच्या ब्रशने फिका निळा देतो आहे. विमानतळावरच्या मेकॅनिकांनीही डबा आणि ब्रश घेऊन हेच केलं होतं. दोन हात झाले. दिव्याखाली तिरकं धरलं की निळ्याखालून लाल अजून जांभळट दिसतो. हवेत दमटपणा आहे, वाळायला रात्र लागेल. तिसरा हात उद्या.