इंग्रज गेला, न वाचता केलेली सही राहिली



माझी शेती गोदाकाठी, मुक्काम मात्र मुलाकडे नाशिकला, इंदिरानगरात. परवा कॉलेजात जाणारा नातू म्हणाला, "आजोबा, इंग्रजांनी रेल्वे आणली, कालवे काढले. मग त्यांनी आपलं वाटोळं केलं असं का म्हणता?"

पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता. गोदावरीचे कालवे आणि त्यांना पाणी पुरवणारे १९१६ चे दारणा धरण इंग्रजी अमदानीतलेच. ते नाकारून कसे चालेल? पण धरण डोळ्यांना दिसते, कागद दिसत नाही. आणि इंग्रजी राज्यात शेतकरी नागवला गेला तो कागदाने.

सारा पेशवाईतही होता, जुलूमही होता. पण १८१८ नंतर इंग्रजांनी रयतवारी आणली. ठरलेला सारा रोख आणि ठरल्या वेळी भरायचा. पीक बुडाले तर ते तुमचे नशीब. रोकड आणायची कुठून? सावकाराकडून. पूर्वी कर्जाचा तंटा गावच्या पंचांपुढे मिटे. आता तो कोर्टात जाऊ लागला. कोर्टाला खत दिसे, त्यामागचा माणूस दिसत नसे.

१८५९ चा मुदतीचा कायदाच घ्या. कर्जाचे खत तीनच वर्षे चालेल, असा तो कायदा. व्याज साचू नये हा हेतू चांगला, पण झाले उलटेच. सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात धरी आणि त्यावर पुन्हा व्याज लावी. वाचता न येणारा कुणबी अंगठा उठवून मोकळा. मंडळी, या प्रकाराला आपण आजही काय म्हणतो? 'नवं-जुनं'!

पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने फेरआकारणी करून सारा वाढवला आणि सावकाराने हात आखडता घेतला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला रयत उठली. ते लोण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही गेले. लोकांनी मागितल्या त्या खातेवह्या आणि खते, आणि त्यांचीच होळी केली. दुखणे कुठे आहे, हे त्या अडाणी म्हणवलेल्या माणसांना नेमके कळले होते.

सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा केला. पण खरा जबाब आपल्याच माणसांनी दिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. ऊस पिकवणारा तोच मालक आणि हिशेब सगळ्यांपुढे, ही त्यामागची कल्पना.

आता माझी गोष्ट सांगतो. मार्चमध्ये सोसायटीत नवं-जुनं करताना दाखवतील तिथे मी सह्या केल्या. एक ओळ वाचली नाही. माझ्या पणजोबांना वाचता येत नव्हते, मला येते. मग फरक काय पडला? ऊस बिलातल्या कपाती आपल्यापैकी किती जण वजनाच्या पावतीशी, ठरावांशी ताडून बघतात? वार्षिक अहवाल पिशवीत जातो, सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणून आपण जेवणाच्या पंगतीकडे वळतो.

मी कुणावर आळ घेत नाही. पण मालकच हिशेब वाचत नसेल, तर कारखाना सहकारी असला काय आणि नसला काय, सारखेच.

म्हणून सभासदांना विनंती, कोऱ्या कागदावर सही करू नका. नवं-जुनं केले की नकलेची प्रत मागून घ्या. वाचता येत नसेल तर घरच्या पोरीबाळींकडून वाचून घ्या. संचालक मंडळालाही विनंती की, प्रत्येक कपात कशाची आणि कोणत्या ठरावाने झाली, हे बिलावर सोप्या मराठीत छापावे आणि वार्षिक सभेत वाचून दाखवावे.

खते जाळायची वेळ पुन्हा आपल्यावर येऊ नये. त्यासाठी ती आधी वाचायला हवीत.

— एक ऊस उत्पादक सभासद, इंदिरानगर, नाशिक