पोच आल्याशिवाय दुसरी गाडी नाही

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव अशा जिल्ह्यांत उपग्रहामार्फत इंटरनेट आणण्याचा हा इरादा आहे. पनवेल तालुक्यातले ओवे गाव खारघरच्या शहराला लागलेले आहे. अशा गावात तार टाकणे कंपन्यांना परवडते. वाशिमच्या कोरडवाहू रानात परवडत नाही, म्हणून आभाळाकडे पाहायचे. आभाळाकडे डोळे लावून बसण्याची आपल्याला सवय आहेच!

उपग्रहाला आमचा विरोध नाही. इंटरनेट ही आता चैन राहिलेली नाही. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, असा हुकूम निघाला. पीक पाहणीचा फोटो मोबाईलवरून चढवायचा. पीकविम्यासाठी नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायचा नियम होता. अर्धवट गेलेला अर्ज हा न गेलेलाच अर्ज. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. नोंदणी अडली की हा भाव कागदावर राहतो आणि माल व्यापारी म्हणेल त्या भावात जातो.

म्हणून दुखणे नेमके कुठे आहे ते समजून घेतले पाहिजे. जुने उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर. निरोप वर जाऊन खाली यायचा आणि त्याची पोच त्याच वाटेने परतायची, यात अर्धा सेकंद जातो. अर्धा सेकंद तो काय, असे वाटेल. पण संगणक माल तुकड्यातुकड्याने पाठवतो आणि ठरावीक माल गेला की पोच येईपर्यंत थांबतो. जिनिंगला कापसाची एक गाडी गेली आणि तिची पावती घरी आल्याशिवाय दुसरी जुंपायची नाही, असा हा कारभार. मग रस्ता कितीही रुंद करा, माल तेवढाच जाणार. जुन्या नियमाने एका खेपेला फार तर ६४ किलोबाइट जात. अर्ध्या सेकंदाला एक खेप, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मेगाबिट. दहा मेगाबिटचे पैसे मोजले तरी एका कामाला एवढेच मिळणार.

त्यात पाऊस आला की लहरी क्षीण होतात, तुकडे गळतात. संगणकाला वाटते रस्त्यावर गर्दी झाली. तो गाड्या कमी करतो.

यावर उपाय जुनेच आहेत. पोच येण्याआधी जास्त गाड्या सोडण्याची सोय १९९२ मध्ये झाली. गळाले तेवढेच तुकडे पुन्हा पाठवण्याची १९९६ मध्ये. उपग्रहाच्या दोन्ही टोकांना मधला यंत्र-मुनीम बसवून त्याने जागच्या जागी पोच द्यायची, ही युक्तीही वापरात आहे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ पासून गावोगावचे दलाल उपग्रहानेच जोडले. सौद्यासाठी जे जमले ते शेतकऱ्याच्या अर्जासाठी जमणार नाही, हे कोण मानेल?

स्टारलिंकचे उपग्रह खूपच कमी उंचीवर फिरतात, त्यामुळे वाट पाहणे पुष्कळ कमी होते. पण पावसाचा त्रास राहतोच, आणि एका उपग्रहावर गिऱ्हाइके वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. तेव्हा जाहिरातीतल्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही.

आमच्या मागण्या तीन. एक, करारात उतरवून घेण्याच्या वेगाबरोबर माल चढवण्याचा वेग आणि पोच येण्याचा काळ लिहावा, आणि तो भर पावसात, गावात मोजावा. दोन, सरकारी अर्ज हलके असावेत. तुटले तिथून पुढे चालू व्हावेत, पहिल्यापासून नव्हे. तीन, जोडणी बंद होती तेवढे दिवस नोंदणीची आणि विम्याची मुदत आपोआप वाढावी.

यात भीक काहीच नाही. ॲपची सक्ती सरकारने केली. तिथवरची वाट धड ठेवणेही सरकारचेच काम. जिल्हा बैठकीत या तीन मागण्यांचा ठराव व्हावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावा. पोच घेतल्याशिवाय मात्र परत फिरू नये.