मागणी आणि मागणे

ग्राहकांच्या इच्छांची यादी हा वाङ्मयप्रकार मानण्याची आपल्याकडे पद्धत नाही. बखरी, पत्रे, पंचांगे, लग्नपत्रिका, जाहिराती या सगळ्यांना आपल्या अभ्यासकांनी केव्हा ना केव्हा हात लावलेला आहे. जाहिरात आपण वाचतो ती बाजार माणसाशी कोणत्या भाषेत बोलतो हे कळावे म्हणून. माणूस बाजाराशी काय बोलतो, हा उलट दिशेने जाणारा मजकूर मात्र विक्रीखात्यातल्या मंडळींवर सोपवून आपण मोकळे होतो. घरगुती स्वयंचलनाच्या उपकरणांविषयी, म्हणजे आवाजावर लागणारे दिवे, मोबाइलवरून उघडणारी कुलुपे, माणसाची चाहूल लागताच फिरू लागणारे पंखे यांविषयी लोक जे मागत असतात, ते एकदा साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावे, अशी आमची सूचना आहे. कारण त्या मागण्या उपकरणांविषयी जितक्या आहेत त्याहून अधिक त्या घर या कल्पनेविषयी आहेत.

मराठीने या वाचनासाठी दोन शब्द तयारच ठेवले आहेत. एक मागणी आणि दुसरा मागणे. धातू एकच, पण वस्ती वेगळी. मागणी पुरवठ्याशेजारी राहते. मागणे देवापुढे, वडीलधाऱ्यापुढे, फार तर मित्रापुढे मांडले जाते. मागणीला भाव असतो, मागण्यात भाव असतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की ग्राहकाच्या प्रत्येक मागणीत एक मागणे दडलेले असते. उपकरणे बनवणाऱ्यांना पहिले ऐकू येते, दुसरे येत नाही. ते ऐकणे हे वाचकाचे, म्हणजे आपले काम आहे.

या क्षेत्रात ग्राहकाने तोंड उघडण्याआधी त्याच्या वतीने इतरांनीच बोलून घेतले, हा इतिहास आहे. १९६९ साली अमेरिकेतील नीमन मार्कस या श्रीमंती दुकानाच्या सूचिपत्रात हनीवेल कंपनीचा स्वयंपाकघरातला संगणक विक्रीला ठेवला गेला. किंमत १०,६०० डॉलर. पाककृती साठवण्यासाठी आणि जेवणाचे बेत ठरवण्यासाठी तो होता. त्याला भाजी चिरण्याचा फळाही जोडलेला होता. वापरणाऱ्या गृहिणीने मात्र आधी दोन आठवडे त्याची भाषा शिकायची आणि मग बटणे खालीवर करून शून्य-एकच्या लिपीत त्याच्याशी बोलायचे, अशी अपेक्षा होती. त्यांपैकी एकही यंत्र विकले गेल्याची नोंद नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. आम्हाला ती निवेदनाची समस्या वाटते. या इच्छेची कर्ती कोण? ज्या बाईसाठी ते यंत्र होते तिने ते मागितलेच नव्हते. तिला काय हवे असावे याची कल्पना दुसऱ्या कोणीतरी केली आणि ती कल्पना तिच्या तोंडी घातली. कथेत असे घडले तर आपण लेखकाला पात्रावर अन्याय केल्याबद्दल धारेवर धरतो.

रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात याच प्रश्नाचा पुढचा पदर उलगडला. घरात यंत्रे आली म्हणून बाईचे काम कमी झाले नाही, असे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी पुरुष आणि मुले जी कामे करत ती यंत्रांनी नाहीशी केली. बाईच्या वाट्याची मात्र राहिली, आणि स्वच्छतेच्या अपेक्षा उंचावल्यामुळे ती वाढलीही. धुण्याचे यंत्र आले तसे रोज धुण्याचे कपडेही वाढले. ‘नवे आणि सुधारित’ या विशेषणांपुढे ‘कोणासाठी?’ हा प्रश्न टाकायचा, हे या ग्रंथाने शिकवले.

आता आजच्या ग्राहकाकडे वळू. तो काय मागतो? आश्चर्य असे की तो चमत्कार फारसे मागत नाही. गेल्या दशकातली त्याची सर्वांत ठाम मागणी ही होती की एका कंपनीच्या दिव्याने दुसऱ्या कंपनीच्या बटणाचे ऐकावे. ती पुरी व्हायला बराच काळ गेला. ॲपल, गूगल, ॲमेझॉन यांसारख्या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन समान नियमावली करायचे ठरवले ते २०१९ च्या अखेरीस, आणि ‘मॅटर’ या नावाने तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. ‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी तर २०२० मध्ये एक संपूर्ण महिना वापरणाऱ्यांच्या बारीकसारीक कुरबुरी ऐकून त्या दूर करण्यासाठी ठेवला होता. हे असे का होते, ते तसे का होत नाही, अशा स्वरूपाचे प्रश्न. आम्हाला हा उपक्रम विशेष वाटतो, कारण घर हे मोठ्या स्वप्नांपेक्षा लहान कुरबुरींचेच बनलेले असते. दाराची करकर, नळाची टिपटिप, कोणीतरी रोज उघडी टाकलेली खिडकी. कादंबरीकाराला हे ठाऊक असते.

दुसरी मागणी अधिक गंभीर आहे: उपकरणाने मरू नये. ‘रिव्हॉल्व’ नावाचा घर चालवणारा एक डबा अमेरिकेत सुमारे तीनशे डॉलरला मिळत असे आणि त्याबरोबर तहहयात सेवेचे आश्वासन होते. ‘नेस्ट’ने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये दूरचा सर्व्हर बंद केला. डबा धडधाकट, पण निष्प्राण. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर असेच अचानक गप्प झाले, पुढे वापरणाऱ्यांपैकीच काहींनी त्या कंपनीची मालमत्ता विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. तहहयात म्हणजे कोणाच्या हयातीपर्यंत, हा प्रश्न व्याकरणाचा वाटला तरी त्यावर घरातला दिवा अवलंबून होता. फिलिप के. डिक या कादंबरीकाराला ही गोम फार आधी कळली होती. ‘यूबिक’ या त्याच्या १९६९ च्या कादंबरीत खिशात दमडी नसलेल्या नायकाला त्याच्याच घराचे दार पाच सेंट दिल्याखेरीज उघडायला नकार देते. तो दाराच्या कडीचे स्क्रू काढू लागतो तेव्हा दार त्याला खटल्याची धमकी देते. ज्या वर्षी हनीवेलने स्वयंपाकघर विकायला काढले त्याच वर्षी एका लेखकाने दाराचा करार वाचून ठेवला होता. ‘इंटरनेट नसतानाही चालावे’ या आजच्या रुक्ष तांत्रिक मागणीतले मागणे हेच आहे: माझे घर माझे असावे.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे झाले. मराठी घरात काय चित्र दिसते? इथली खरी उपयोगी पडलेली स्वयंचलित वस्तू बोलत नाही, ऐकत नाही आणि तिला मोबाइलही लागत नाही. गच्चीवरची टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारे ते साधे यंत्र. पाणी यायच्या वेळी उठून मोटार लावणे आणि टाकी वाहू लागली की जिन्यावरून धावत जाणे ज्यांनी केले आहे, त्यांना त्याची थोरवी सांगायला नको. लाइट गेली की चालू होणारा इन्व्हर्टर हा त्याचा धाकटा भाऊ. दोहोंनी माणसाकडून काही शिकण्याची अपेक्षा ठेवली नाही. याउलट शहाणा दिवा पाहा. तो आवाजावर लागायचा असेल तर भिंतीवरचे बटण सदैव चालू ठेवावे लागते. आता विनाकारण बटण चालू ठेवू नये, हा आपल्याकडच्या वडीलधाऱ्या पिढीचा संस्कार. आजी रात्री उठून शिस्तीत बटण बंद करते आणि सकाळी नातू दिव्याला हाका मारत बसतो. यात अडाणी कोण? आमच्या मते दिवा. या घरात बटण बंद करणारे हात असतात, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

भाषेचा प्रश्न याहून खोल जातो. अलेक्सा भारतात २०१७ मध्ये इंग्रजी बोलत आली आणि २०१९ मध्ये हिंदी शिकली. गूगलच्या सहायकाने २०१८ मध्ये मराठी ऐकायला सुरुवात केली. ‘मराठी हवी’ ही मागणी रास्तच होती. पण मराठी शब्द ओळखणे आणि मराठी घरातले बोलणे कळणे यांत अंतर आहे. घरातून बाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. माणूस निघाला की दिवे मालवून कुलूप लावणाऱ्या यंत्राने या ‘येतो’चा काय अर्थ करावा? घरातल्या आज्ञा आज्ञार्थात दिल्याच जातात असेही नाही. ‘अंधारून आलं बाई’ हे हवामानाविषयीचे विधान नसते. ‘पंखा जरा जास्तच फिरतोय का?’ हा प्रश्न नसतो. सासूने सुनेला, सुनेने सासूला, पाहुण्याने यजमानाला काय कोणत्या शब्दांत म्हणायचे, याचे एक सूक्ष्म व्याकरण आपल्या घरांत चालते आणि आपल्या कथावाङ्मयातले कितीतरी संवाद त्यावरच उभे आहेत. यंत्राला मात्र स्पष्ट हुकूम लागतो. मग यंत्र माणसाचे बोलणे शिकण्याऐवजी माणूस यंत्राशी बोलण्याची रीत शिकतो, आणि घरातली मुले पहिल्यांदा ऐकतात की कोणालाही, कशालाही, नुसते ‘कर’ म्हणता येते. बहुधा तो आवाज बाईचा असतो. युनेस्कोने २०१९ मध्ये एका अहवालात या बायकी, नमते घेणाऱ्या आवाजांवर नेमके बोट ठेवले होते.

इथे आमचा मुख्य आक्षेप येतो. या उपकरणांनी घराची जी कल्पना केली आहे तीत एक मालक असतो. खाते त्याच्या नावे, परवलीचा शब्द त्याचा, बाकीचे सदस्य किंवा पाहुणे. आणि जिच्या श्रमांवर घर चालते ती कामवाली बाई यांतली कोणीच नसते. दारावरच्या कॅमेऱ्यात ती दिसते, तिच्या येण्याजाण्याची वेळ सोसायटीच्या फाटकावर मोबाइलमध्ये नोंदली जाते. पण नव्या आणि सुधारित उपकरणांत काय असावे हे तिला कोणी विचारत नाही. फरशी पुसणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवताना आपण फरशी पुसणारीचे मत घेतलेले नसते. १९६९ सालच्या सूचिपत्रापासून आपण फार पुढे आलो आहोत, असे म्हणवत नाही.

श्रम करणारीनेच मागितले तर ती काय मागेल? याचे उत्तर मराठीत सातशे वर्षांपूर्वीचे आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळतो, कांडतो, पाणी भरतो. जाते आपोआप फिरावे, ही तिची कल्पना नव्हती. समोर बसून दुसरा खुंटा धरणारा कोणीतरी असावा, ही होती. हा फरक लहान नाही. जात्याविषयी आम्हाला हळवे व्हायचे नाही. पिठाची गिरणी आली आणि बायकांची पहाट मोकळी झाली, हे चांगलेच झाले. परतून जात्यावर बसा असे सांगण्याचा अधिकार ज्यांनी दळले नाही त्यांना नाही. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी खेडोपाडी फिरवलेल्या कार्यकर्त्यांच्या साह्याने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांवरून इतके नक्की कळते की त्या श्रमाबरोबर एक बोलणेही चालत असे. यंत्राने श्रम घेतला. बोलणे कोठे गेले, हा प्रश्न यंत्राच्या कारखान्यात सुटणारा नव्हे.

मागण्याचा विचार करताना मराठी माणसाला पसायदान आठवल्यावाचून राहत नाही. ज्याला जे हवे ते त्याला मिळो, असे त्यात मागितले आहे, हे सगळ्यांना पाठ असते. त्याची जागा मात्र आपण विसरतो. त्याआधी ज्ञानदेव दुष्टांचे वाकडेपण जावो, जीवांमध्ये परस्परांविषयी मैत्री असो, असे मागून घेतात. इच्छा पुऱ्या होण्याआधी इच्छा करणारा नीट व्हावा, असा तो क्रम आहे. बाजाराने हा क्रम गाळून थेट शेवटाला हात घातला आहे.

तेव्हा मागू नका, असे आम्ही म्हणत नाही. मागावे, पण कारखान्याला ऐकू जाईल अशा मागणीच्या भाषेत आपले मागणे नीट मांडून मागावे. उपकरण घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि कामाला येणाऱ्या बाईला कोणाला न विचारता वापरता यावे. कंपनी बुडाली, लाइट गेली, तरी दार आतून उघडावे. भिंतीवरचे बटण राहू द्यावे. आणि घर सोडताना कोणी ‘येतो’ म्हणाले, तर तो परत येणार आहे एवढे त्या घराला कळावे. ते जमत नसेल तर त्याने निदान गप्प राहावे. अशा मागण्या लिहायला अभियंता असण्याची गरज नाही. भाषेचे शिक्षक आणि विद्यार्थी त्या अधिक चांगल्या लिहू शकतील, कारण कोणत्या वाक्याचा कर्ता कोण आणि ते कोणासाठी बोलले गेले, हे पाहणे हाच त्यांचा रोजचा व्यवसाय आहे.